घरामागे डेक आणि छपराचा पर्गोला स्वतः बांधायचा असेल तर

ओसरीकर
नेपरव्हिलला, म्हणजे शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात, घरामागे १६ × १२ फुटांचा लाकडी डेक (उघडा माच) आणि त्याच्या एका टोकाला १२ × १० फुटांचा, वरून पॉलिकार्बोनेटच्या प्लॅस्टिक पत्र्याने झाकलेला पर्गोला (खांबांवरचा मांडव) बांधून झाला. सगळं काम घरच्या माणसांनी केलं. मराठीत यावर सविस्तर लिहिलेलं फारसं सापडलं नाही, म्हणून हा धागा.

फळ्या कुठल्या घ्याव्यात, रंग कुठला लावावा यावर सगळेच बोलतात. माझं ठाम मत असं की डेक टिकतो तो फळ्यांखाली काय आहे त्यावर. पाया, घराशी केलेली जोडणी आणि पाण्याला बाहेर पडायला ठेवलेली वाट या तीन गोष्टींवर वेळ घालवा. बजेट तोकडं असेल तर फळ्या साध्या घ्या, पण बोल्ट, हँगर (आडवे वासे पेलणारे धातूचे कंस) आणि फ्लॅशिंग (पाणी बाहेर काढणारी पट्टी) यांत काटकसर करू नका. फळी नंतर कधीही बदलता येते. सडलेला लेजर (घराच्या भिंतीला जोडलेली आडवी जाड फळी) बदलायचा तर अख्खा डेक उचकटावा लागतो.

आधी कागद. आमच्याकडे हाउसिंग असोसिएशनची मंजुरी वेगळी आणि गावचं परमिट वेगळं. नकाशा हाताने काढला तरी चालतो, पण त्यात खांबांची जागा, तुळईचं माप, जॉइस्टमधलं (फळ्यांखालच्या आडव्या वाशांमधलं) अंतर आणि पायाची खोली स्पष्ट हवी. मग ८११ ला फोन, म्हणजे खणण्याआधी जमिनीखालच्या वाहिन्या दाखवून घ्यायला. इलिनॉयमध्ये हे काम जुली नावाची संस्था करते आणि ते फुकट असतं. जमिनीखालच्या वाहिन्या कुठून जातात त्यावर रंग मारून जातात: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, नारिंगी फोन-केबल, हिरवा सांडपाणी. मीटरच्या पुढच्या आपल्या खाजगी लाइनी मात्र ते दाखवत नाहीत. गवताच्या स्प्रिंकलरची नळी किंवा ग्रिलकडे नेलेली गॅसची नळी आपल्यालाच शोधावी लागते.

आखणी खुंट्या आणि दोरीने केली. १६ × १२ हे माप फार सोयीचं, कारण कर्ण बरोबर २० फूट येतो. दोन्ही कर्ण २० भरले की चौकोन गुण्यात आला. हे एकदा पक्कं झालं की पुढचं प्रत्येक काम सोपं जातं.

खड्डे ४२ इंच खोल. इथली माती चिकण आहे, पाणी धरून ठेवते. हिवाळ्यात ते पाणी गोठून फुगतं आणि उथळ पाया वर ढकलतं. डेकचा एक खांब इंचभर वर गेला तरी सगळी चौकट पिळवटते, म्हणून पायाचा तळ गोठणाऱ्या थराच्या खाली न्यायचा. खड्डे खणल्यावर, काँक्रीट ओतायच्या आधी, इन्स्पेक्टर येऊन खोली मोजतो. १२ इंच व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीत ४२ इंच काँक्रीट भरायला ८० पौंडी पिशव्या जवळजवळ पाच लागतात. तळाशी खड्डा रुंद केला की त्याहून जास्त.

पर्गोल्याचे चारही खांब वेगळ्या पायावर आहेत. ते डेकच्या फळ्यांमधून खाली आपापल्या पायापर्यंत गेले आहेत. पर्गोला डेकच्या फळ्यांवर नुसता स्क्रूने बसवणं मला अजिबात पटत नाही.

पुढचं उद्या लिहितो. प्रश्न असतील तर विचारा.

वाडीकर
वाचून फार बरं वाटलं. मी रत्नागिरीजवळ राहतो आणि पडव्या-माच्यांची कामं आयुष्यभर पाहत आलोय. तुमच्या ४२ इंचांचं कारण आता कळलं. आमच्या जांभ्यात बर्फाचा प्रश्न नाही, पाणी आणि वाळवी एवढेच दोन शत्रू.

एक विचारायचं आहे. लाकडी खांब थेट काँक्रीटमध्ये पुरलात का? आमच्याकडे जुन्या घरांत खांब जमिनीत कधीच जात नाही. खाली दगडी तळखडा असतो, त्यावर खांब उभा. त्यामुळे बुंधा कोरडा राहतो. शंभर वर्षांचे खांब अजून ठणठणीत आहेत ते त्या तळखड्यामुळे.

ओसरीकर
वाडीकर, इथेही तेच तत्त्व आहे. काँक्रीट ओलं असतानाच त्यात अँकर बोल्ट उभा रोवायचा आणि त्यावर गॅल्व्हनाइज्ड पोलादाचा पोस्ट बेस बसवायचा. त्यात एक पोकळ बैठक असते. तिच्यामुळे लाकूड काँक्रीटपासून इंचभर वर राहतं, केशाकर्षणाने पाणी चढत नाही आणि बुंध्याला वारा लागतो. काँक्रीटचा माथाही जमिनीपासून थोडा वर ठेवायचा आणि कडेने उतरता घोटायचा.

खांब ६ × ६ चे घेतले. ४ × ४ स्वस्त पडतात, पण ६ × ६ ला वर खाच घेऊन तुळई थेट लाकडावर बसवता येते. वजन बोल्टच्या दांड्यावर येत नाही, लाकडावर येतं.

मोकळा
एवढं परमिट वगैरे कशाला? आपल्या मागच्या अंगणात आपण काय करतो ते कोण बघायला येतंय? मी टेक्सासला आहे, शेजाऱ्याने एका शनिवार-रविवारात डेक उभा केला. परमिट काढलं की फी, वर टॅक्सही वाढतो.

ओसरीकर
मोकळा, टॅक्सची काळजी समजू शकतो. पण शिकागोजवळ राहणारा माणूस हे हलक्यात घेऊ शकत नाही. २००३ च्या जून महिन्यात शहराच्या लिंकन पार्क भागात एका इमारतीचा तीन मजली लाकडी पोर्च पार्टी चालू असताना कोसळला आणि १३ तरुण गेले. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला बाल्कनी तुटून सहा जण गेले. तिथे जॉइस्ट आतून कुजले होते. वरून सगळं धडधाकट दिसत होतं.

आपल्याकडे गणपतीला, वाढदिवसाला तीस-चाळीस माणसं डेकवर एका वेळी उभी असतात, तीही बहुधा जेवणाच्या टेबलाभोवती एकाच कोपऱ्यात. ज्याला माझ्या डेकशी काही देणंघेणं नाही असा एक जाणकार येऊन हँगरमध्ये सगळे खिळे मारलेत का ते बघतो. त्यासाठी फी भरायला मी आनंदाने तयार आहे. शिवाय घर विकताना बिनपरमिटचं बांधकाम अडचणीचं ठरतं आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो.

मोकळा
बर्कलीचं माहीत नव्हतं. मुद्दा पटला. माझ्या डेकचा लेजर या आठवड्यात खालून टॉर्च मारून बघतो.

सायली_मिशिगन
ओसरीकर, आमच्या घराला मागच्या बाजूला विटा आहेत. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो विटांमध्ये लांब बोल्ट मारून लेजर लावू. एकदम पक्कं होईल म्हणे. करू का?

स्थापत्य
सायलीताई, अजिबात करू देऊ नका. मी न्यू जर्सीत स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. इकडच्या बहुतेक घरांची वीट ही नुसती दर्शनी भिंत असते, एका विटेच्या जाडीची. तिच्यामागे साधारण इंचभर पोकळी आणि त्यामागे खरी लाकडी भिंत. वीट स्वतःचं वजन पेलते, डेकचं पेलण्यासाठी ती बांधलेलीच नसते. बोल्ट त्या पोकळीतून जाताना वाकतो आणि पाणीही आत नेतो. अमेरिकन वुड कौन्सिलची डेकसाठी मार्गदर्शिका आहे, डीसीए ६ नावाची. ती फुकट उतरवून घेता येते. त्यातही वीट-व्हिनियरला लेजर लावायला स्पष्ट मनाई आहे.

तुमच्यासाठी उपाय सोपा आहे. घराजवळ आणखी एक तुळई आणि खांबांची रांग घ्या, म्हणजे डेक स्वतःच्या पायांवर उभा राहील. घराच्या भिंतीला अगदी लगटून खणू नका, तिथली माती पाया बांधताना मागाहून भरलेली असते, ती बसत राहते. खांब भिंतीपासून थोडे दूर घेऊन जॉइस्ट भिंतीकडे पुढे काढा. आडवे हेलकावे थांबवायला खांब आणि तुळईच्या कोनात तिरके आधार हवेतच.

ओसरीकर, तुमच्या पायाबद्दल एक विचारतो. १२ इंची नळीचा तळ किती रुंद केलात? हिशोब मांडतो, इतरांनाही उपयोगी पडेल. डेकवर माणसांचा भार चौरस फुटाला ४० पौंड आणि लाकडाचा १० धरतात, एकूण ५०. तुळईला तीन खांब असतील तर मधल्या खांबाच्या वाट्याला साधारण ७ × ७, म्हणजे ४९ चौरस फूट येतात. म्हणजे २,४५० पौंड. चिकण मातीची ताकद तपासणी न करता चौरस फुटाला १,५०० पौंड धरतात, म्हणजे तळ १.६३ चौरस फुटांचा हवा. १२ इंची वर्तुळ भरतं फक्त ०.७९ चौरस फूट, गरजेच्या निम्मंसुद्धा नाही. १८ इंचाचं १.७७ भरतं. खांबाचं आणि काँक्रीटचं स्वतःचं वजन मी यात धरलेलं नाही, म्हणून मी २० घेईन.

ओसरीकर
स्थापत्य, हा हिशोब इतका सुटसुटीत मांडल्याबद्दल मनापासून आभार. तळ २० इंचच आहे. नळीच्या खाली प्लॅस्टिकचा शंकूसारखा तळ मिळतो, तो लावला.

आता लेजर. आमच्या मागच्या भिंतीला व्हिनाइल साइडिंग (बाहेरून लावलेलं प्लॅस्टिकचं आवरण) आहे, त्यामुळे लेजर लावता आला. हा भाग मी सगळ्यात सावकाश केला आणि तो सविस्तरच सांगतो.

साइडिंग कापून मागची मूळ चौकट उघडी केली. घराची रिम जॉइस्ट (मजल्याच्या कडेचा आडवा वासा) भरीव लाकडाची आहे की नाही ते तळघरातून पाहून घ्यायचं. उघड्या भागावर चिकटणारी जलरोधक पट्टी, त्यावर प्रेशर ट्रीटेड (दाबाने रसायन मुरवलेल्या) २ × १० चा लेजर. अर्धा इंची बोल्ट एकाआड एक वर-खाली, वॉशरसकट. एका सरळ ओळीत मारले तर लाकूड त्याच रेषेत चिरू शकतं. वर झेड आकाराचं फ्लॅशिंग: त्याची वरची बाजू घराच्या कागदी वेष्टनाच्या आत, खालची बाजू लेजरच्या पुढे येऊन खाली वळलेली. भिंतीवरून ओघळणारा प्रत्येक थेंब लेजरच्या बाहेर पडला पाहिजे. वेष्टन फ्लॅशिंगच्या मागे गेलं तर तेच फ्लॅशिंग पाणी आत पोहोचवतं.

फ्लॅशिंग उघड्या अ‍ॅल्युमिनियमचं घेऊ नका. हल्लीच्या प्रेशर ट्रीटेड लाकडात तांब्याचे क्षार असतात. ते अ‍ॅल्युमिनियम खातात आणि साध्या लोखंडी खिळ्यांनाही सोडत नाहीत. २००३ च्या अखेरीस घरगुती वापराच्या लाकडातून आर्सेनिकवालं जुनं रसायन गेलं आणि तांब्याचं प्रमाण वाढलं, तेव्हापासून हे जास्त जपावं लागतं. खिळे, हँगर, बोल्ट सगळं हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस.

सायली_मिशिगन
स्थापत्य, ओसरीकर, दोघांचे खूप आभार. कॉन्ट्रॅक्टरला नाही सांगितलं. आता आम्ही दोघंच करायचं म्हणतोय, स्वतंत्र पायांचा. लाकूड घेताना काय बघायचं? दुकानात सगळं हिरवट लाकूड एकसारखंच दिसतं.

ओसरीकर
सायलीताई, प्रत्येक नगाच्या टोकाला छोटं लेबल टाचलेलं असतं. त्यावर यूसी४ए लिहिलं असेल तर ते मातीच्या संपर्कात चालतं. यूसी३बी असेल तर ते फक्त जमिनीपासून वर. डेक बुटका असेल, खालून वारा खेळत नसेल, तर जॉइस्टसुद्धा ४ए च घ्या.

मापाकडे लक्ष द्या. २ × १० म्हणतात तो प्रत्यक्षात दीड इंच × सव्वानऊ इंच भरतो, नकाशा त्याच मापाने काढायचा. १६ इंचांवर जॉइस्ट ठेवले तर सदर्न पाइनचा २ × १० सुमारे १४ फुटांपर्यंत चालतो. लाकडाची जात बदलली की आकडा बदलतो, त्यामुळे तक्ता बघूनच ठरवा. प्रत्येक नग एका डोळ्याने लांबीत पाहून निवडा. फुगवटा वरच्या बाजूला येईल असा जॉइस्ट बसवायचा, वजनाने तो सरळ होतो.

हँगरला जितकी भोकं दिली आहेत तितके खिळे, आणि खिळे हँगरचेच. डेकचे स्क्रू तिथे वापरायचे नाहीत, ते आडव्या भाराला कडकन तुटतात. कापलेल्या प्रत्येक टोकाला कॉपर नॅफ्थेनेट (कुजणं रोखणारं रसायन) लावा, कारण रसायन लाकडाच्या गाभ्यापर्यंत मुरलेलं नसतं. जॉइस्टच्या माथ्यावर ब्यूटाइल रबराची पट्टी चिकटवा. स्क्रूच्या भोकातून उतरणारं पाणी तिथेच अडतं.

वाडीकर
सगळे खांब एका पातळीत कसे कापलेत? लेझर किरणांचं यंत्र वापरलंत?

ओसरीकर
पाण्याची नळी. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक लेजरच्या खुणेला, दुसरं खांबाला. आपले गवंडी हेच करतात. लेझर भर उन्हात नीट दिसत नाही, नळीला ऊन-सावली सारखीच. नळीत हवेचा बुडबुडा राहिला नाही ना, एवढं बघायचं.

गच्चीवरून
मी पुण्यात कोथरूडला. सगळ्यात वरच्या मजल्यावर गच्ची आमची आहे. असाच पर्गोला एमएस (लोखंडी) पाइपचा करायचाय. फॅब्रिकेटर म्हणतो बेस प्लेट स्लॅबला रावळ बोल्टने (भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टने) मारू. योग्य आहे का?

स्थापत्य
गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर) असेल तर त्याला भोक पाडू नका. एकदा जलरोधक थर फुटला की खालच्या खोलीत ओल येते आणि पाणी नेमकं कुठून आलं ते शोधताना नाकी नऊ येतात. आरसीसी कॉलम जिथे वर आले आहेत त्यांच्या माथ्यावर छोटे काँक्रीटचे पेडेस्टल घ्या, वॉटरप्रूफिंग त्यांच्याभोवती वर गुंडाळून घ्या आणि बेस प्लेट त्यावर बसवा. सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. वरून झाकणार असाल तर महापालिकेचे नियमही विचारून घ्या, कारण उघडा पर्गोला आणि छत यांत ते फरक करतात. इमारतीच्या आरसीसी कन्सल्टंटला एकदा दाखवाच. वळवाच्या वाऱ्यात गच्चीवरचे पत्रे कसे उडतात ते तुम्ही पाहिलं असेल.

त्यावरूनच ओसरीकरांच्या पर्गोल्याबद्दल. चार बाजूंनी उघडं छप्पर वारा खालून उचलतो. तुमचं छप्पर १२० चौरस फूट. उदाहरणादाखल उचल चौरस फुटाला १५ पौंड धरली तर १,८०० पौंड, म्हणजे खांबामागे ४५०. १२ इंच रुंद आणि ४२ इंच खोल काँक्रीटचं वजन भरतं जेमतेम ४१० पौंड. रुंद तळ इथे दुहेरी कामाला येतो, वरची माती त्याला दाबून धरते. पण ती पकड छपरापर्यंत पोचायला हवी: पत्रा वाशाला, वासा तुळईला, तुळई खांबाला, खांब काँक्रीटला. एक दुवा नुसत्या तिरप्या खिळ्यांवर असेल तर बाकीचे सगळे वाया.

ओसरीकर
वासा आणि तुळईच्या प्रत्येक भेटीला हरिकेन टाय (वाऱ्याने उचललं जाऊ नये म्हणून धातूची पट्टी) आहे, तुळई-खांबाला पोस्ट कॅप (दोन्ही धरून ठेवणारी धातूची टोपी), आणि चारही कोपऱ्यांत दोन्ही दिशांना तिरके आधार.

छप्पर १६ मिलिमीटरच्या पोकळ पॉलिकार्बोनेटचं. उतार फुटामागे एक इंच. हा माल लाकडासारखा वागत नाही. तीन मीटर लांबीचा पत्रा ६० अंश सेल्सियसच्या फरकात साधारण १२ मिलिमीटर लांबतो, आणि जानेवारीची रात्र ते जुलैची दुपार एवढा फरक इथे सहज पडतो. म्हणून भोक स्क्रूपेक्षा बरंच मोठं ठेवायचं, वर रुंद रबरी वॉशर, आणि स्क्रू पिळून आवळायचा नाही. भोक घट्ट ठेवलं तर पत्रा रात्री कटकट वाजतो आणि पुढे भोकापाशीच चिरतो.

अतिनील किरण अडवणारा लेप बहुधा एकाच बाजूला असतो, ती बाजू आकाशाकडे. वरची पातळ फिल्म काढायच्या आधी मार्करने खूण करून ठेवा. आतल्या नळ्या उताराच्या दिशेनेच जायला हव्यात. वरच्या टोकाला हवाबंद अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, खालच्या टोकाला सच्छिद्र पट्टी, म्हणजे आत साचणारं बाष्प खाली निथळतं आणि किडे शिरत नाहीत. ही पट्टी लावली नाही तर वर्षभरात आत शेवाळ धरतं.

स्थापत्य
एकच भर. पर्गोला घराच्या वरच्या छपराखाली येत असेल तर तिथून घसरणारा आणि वाऱ्याने साचणारा बर्फ नेहमीच्या बर्फापेक्षा खूप जास्त असतो. तेव्हा तयार नकाशा वापरू नका, हिशोब करून घ्या.

सायली_मिशिगन
कठडा आणि पायऱ्यांबद्दल? आमच्याकडे दोन लहान मुलं आहेत.

ओसरीकर
डेक जमिनीपासून ३० इंचांपेक्षा उंच असेल तर किमान ३६ इंच उंच कठडा सक्तीचा आहे. मुलं आहेत तर कमी उंचीच्या डेकलाही लावा. दोन गजांमधून ४ इंचांचा चेंडू जाता कामा नये. कठड्याचा खांब खाच पाडून बारीक करू नका. चार माणसं एकदम रेलली की सगळा जोर बुडाशी येतो. तो खांब आतल्या जॉइस्टला धरून ठेवणारा पोलादी कंस लावावा.

पायरीची उंची जास्तीत जास्त पावणेआठ इंच, रुंदी किमान १०. सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात, फरक ३/८ इंचाच्या आत. आपला पाय पहिल्या दोन पायऱ्यांत उंची शिकतो आणि पुढच्या न बघता चढतो. जाड फळी नंतर बसणार हे धरून सर्वांत खालची पायरी मापायची.

सायली_मिशिगन
शेवटचा प्रश्न. फळ्या लाकडाच्या की कॉम्पोझिट (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळलेल्या)? आणि पर्गोल्यावर जाई चढवता येईल का? आईने फार आठवणीने विचारलंय.

ओसरीकर
ट्रीटेड लाकडाच्या ओल्या फळ्या एकमेकींना चिकटवून बसवा, वाळल्यावर फट आपोआप पडते. कॉम्पोझिट वाळत नाही, तिथे कंपनी सांगेल तेवढी फट ठेवायचीच. कॉम्पोझिटला रंग लागत नाही, पण गडद रंगाचं भर उन्हात अनवाणी पायांना सोसत नाही. मुलं खेळणार असतील तर फिक्या रंगाचं घ्या. लाकडाला स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लगेच लावू नका. पाण्याचा थेंब टाकून बघा, तो शोषला गेला की लाकूड तयार.

जाई मिशिगनच्या थंडीत बाहेर जगणार नाही. ती मोठ्या कुंडीत लावा, उन्हाळ्यात पर्गोल्याखाली आणि पहिल्या थंडीआधी घरात, दक्षिणेच्या खिडकीपाशी. काकूंना तेवढा सुगंध नक्की मिळेल. बाहेर कायमचं काही हवं असेल तर क्लेमॅटिस किंवा काँकर्ड द्राक्ष लावा. दोन्ही तुमचा हिवाळा काढतात. मात्र वेल छपरावर जाऊ देऊ नका, पाचोळा अडकून पाणी तुंबतं. बाजूला स्वतंत्र जाळी उभी करा, खांबापासून हातभर दूर.

खड्डे खणायला लागाल तेव्हा मोटरचा ऑगर (खड्डे पाडायचं गिरमिट) भाड्याने घ्या आणि दोघांनी धरा. दगड किंवा मूळ लागलं की त्याची मूठ जोरात फिरते, एकट्याने धरायचं यंत्र नाही ते. नकाशा काढून झाला की इथे टाका, मी आणि स्थापत्य बघतो.